एमएस आणि व्हर्टिगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फिजिओथेरपी करताना एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असलेली बरीच मंडळी माझ्याकडे येतात. येतात चालण्याची तक्रार घेऊन, पण पाच मिनिटांत गाडी चकरेवर येते. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधांचा निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा. हे वाचून कुठलीही गोळी परस्पर सुरू किंवा बंद करू नका.

एमएसमुळे चक्कर का येते?

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: आतला कान, डोळे आणि पायांचे स्नायू-सांधे. या माहितीची जुळवाजुळव मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, आणि मागच्या लहान मेंदूत होते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. कानाची नस जिथे ब्रेनस्टेममध्ये शिरते तिथे किंवा लहान मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंवर असा डाग पडला, की एका बाजूचा निरोप कमी पोचतो. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला नाही की मेंदू त्याचा अर्थ ‘आपण फिरतोय’ असा लावतो. डाग किती मोठा यापेक्षा तो कुठे पडला याला महत्त्व आहे. एमआरआयवर चिमुकला दिसणारा डाग माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो आणि भलेमोठे डाग असलेला माणूस आरामात फिरत असतो.

एमएस असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला कधी ना कधी खरा व्हर्टिगो होतो. झोक जाणं, अधांतरी वाटणं हे त्याहून कितीतरी जास्त जणांना होतं.

मला होतं तो व्हर्टिगोच आहे हे कसं ओळखू?

आपण सगळ्यालाच ‘चक्कर’ म्हणतो आणि तपासणीची निम्मी वेळ ती चक्कर कसली हे काढून घेण्यात जाते. स्वतःला तीन गोष्टी विचारा. खोली फिरते का? उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? की डोकं ठीक असतं, पण चालताना पाय एका बाजूला जातात?

खोली फिरते, सोबत मळमळ, उमासे, तो व्हर्टिगो. उभं राहिल्यावर अंधारी येते ती बहुतेकदा रक्तदाबाची. तिथे पाणी कमी पिणं, उपवास, किंवा स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी टिझॅनिडीन किंवा बॅक्लोफेनसारखी गोळी कारण असू शकते. डोकं शांत पण पाय भलतीकडे, तो तोलाचा प्रश्न. पायांतल्या संवेदना किंवा लहान मेंदू यांच्याकडे बोट जातं. तिन्ही एकत्रही असू शकतात. पण उपचार तिन्हींचे वेगळे, म्हणून ही चौकशी.

आणखी एक प्रकार: समोरची पाटी थरथरते, अक्षरं उड्या मारतात. ते डोळ्यांच्या अनैच्छिक हालचालींमुळे होतं. चष्म्याचा नंबर पुन्हापुन्हा बदलून त्यात फरक पडत नाही.

एमएस आहे म्हणजे ही चक्करही एमएसचीच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एमएस असलेल्यांमध्येही व्हर्टिगोचं फार मोठं कारण कानातलं असतं, बीपीपीव्ही नावाचं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका पिशवीत चिकटलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले, की डोकं हलवल्यावर तेही हलतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो. ओळखायची खूण सोपी आहे. कुशीवर वळताना, गादीवर आडवं होताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना घर गरकन फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. डोकं स्थिर असेल तर काही नाही.

याची तपासणी टेबलावर होते, एमआरआयमध्ये नाही. मान एका बाजूला ४५ अंश वळवून तुम्हाला झटकन मागे आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं, आणि तपासणारा तुमच्या डोळ्यांकडे बघत राहतो. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं कपाळाकडे आणि खालच्या कानाच्या दिशेने गोल झटके मारू लागतात. पेशंट टेबलाची कड घट्ट धरतो, सोबत आलेलं माणूस घाबरतं. अर्ध्या मिनिटात झटके विरतात. हे चित्र दिसलं की मी खूश होते, कारण यावर इलाज आहे: एप्ली मॅनुव्हर. डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत पिशवीकडे सरकवायचे. औषध नाही, सुई नाही, दहा मिनिटांचं काम, आणि बहुतेकांना एक-दोन वेळांत उतार पडतो. कण पुन्हा सुटू शकतात. मग पुन्हा तेच.

उलट, आडवं करताक्षणी डोळे सरळ खाली किंवा वर उडायला लागले आणि थांबायचं नाव घेत नसतील, तर मामला मेंदूतला असू शकतो. ती माहिती न्यूरॉलॉजिस्टकडे जायलाच हवी.

‘एमएस आहे, चक्कर येणारच’ असं म्हणून ही तपासणी न करता महिनोन् महिने गोळ्या खाणारी माणसं मी पाहते, आणि मला त्याचा राग येतो. पेशंटवर नाही.

यूट्यूब बघून एप्ली स्वतःच करायचं का? कोणता कान आणि कोणती नळी हे एकदा जाणकाराकडून ठरवून घ्या. बाजू चुकली तर उपयोग शून्य आणि उलट्या मात्र होतात.

हा रिलॅप्स आहे का?

नवं लक्षण, किंवा जुनं पुन्हा उफाळलेलं लक्षण, सलग २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर रिलॅप्सचा, म्हणजे एमएसच्या नव्या झटक्याचा, विचार होतो. दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा मिनिट घर फिरलं, तर तो सहसा रिलॅप्स नव्हे.

संसर्गावर जरा थांबते. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग फार होतो आणि कित्येकदा जळजळ, ताप काहीच नसतं. फक्त जुनी लक्षणं जोर धरतात: पाय जड होतात, चक्कर वाढते. म्हणून अचानक बिघडलं की आधी लघवीची तपासणी. संसर्ग बरा झाला की चक्करही उतरते. अशा वेळी स्टेरॉइड दिलं तर संसर्ग आणखी वाढायची भीती.

तडक हॉस्पिटल कधी गाठायचं?

चक्कर अचानक आली आणि सोबत यांतलं काहीही असेल तर: बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एकाचे दोन दिसणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, किंवा नव्याने ऐकू न येणं. १०८ ला फोन करा. एमएस असलेल्या माणसाला पक्षाघात होत नाही असं थोडंच आहे! रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एमएसचंच काहीतरी असेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरत नसेल तरी जा.

उन्हाळ्यात जास्त का होतं?

मायलिन गेलेल्या तंतूंमधून संदेश मुळातच कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडकतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफ परिणाम म्हणतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारी बाराला बँकेचं काम करून घरी आल्यावर जिना डोलायला लागतो, तो याचाच प्रताप. नवा डाग पडलेला नसतो. अंग गार झालं की तासाभरात माणूस जाग्यावर येतो.

बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरका. सुती कपडे, गळ्याला ओला पंचा, पिशवीत पाण्याची बाटली. कढत पाण्याने अंघोळ बंद, दिवाळीच्या अभ्यंगस्नानालासुद्धा कोमटच. स्वयंपाकघरात गॅसपुढे पंखा लावला तर ज्योत फडफडते हे खरं, पण पंखा पाठीवर येईल असा ठेवता येतो. पोळ्या दोन टप्प्यांत लाटा, नाहीतर सरळ पोळ्यांना बाई लावा. पुण्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही आता.

स्टेरॉइडने बरं होतं का?

खरा रिलॅप्स असेल आणि त्रास जास्त असेल, तर मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम असं तीन ते पाच दिवस शिरेतून देतात. त्याने उतार लवकर पडतो. पुढे किती बरं व्हायचं ते मात्र त्याने बदलत नाही, आणि पुढचा रिलॅप्सही टळत नाही. तो टाळायला आजाराची गती रोखणारी वेगळी औषधं असतात. ती चक्करेसाठी नाहीत म्हणून ‘चक्कर थांबली, इंजेक्शन बंद’ असं करू नका. स्टेरॉइडच्या दिवसांत झोप उडते, साखर वाढते, पित्त खवळतं. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

चक्करेच्या गोळ्या रोज घेतल्या तर?

सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेक्लिझिन या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी चांगल्या. उलट्या थांबतात, माणूस झोपतो. त्यानंतर त्याच गोळ्या आडव्या येतात. बिघडलेल्या निरोपांशी मेंदू हळूहळू जुळवून घेतो, त्याला ते शिकायला गरगर थोडी जाणवावी लागते; गोळी ती जाणीवच दाबून टाकते. शिवाय सिनॅरिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्याने, विशेषतः वयस्कर माणसांत, कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. बीटाहिस्टिन तर आपल्याकडे प्रसादासारखी वाटली जाते. तिचा मुख्य वापर मेनियर नावाच्या कानाच्या आजारात आहे, आणि बीपीपीव्हीतले कण कुठलीच गोळी हलवू शकत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हापुन्हा पत्ता आणणं थांबवा आणि ‘ही अजून चालू ठेवायची का?’ हे डॉक्टरांना विचारा.

मग पडून राहायचं का?

उलट्या चालू आहेत तोवर. त्यानंतर नाही. मान धरून, डोकं न हलवता बसलेला पेशंट मला सर्वांत अवघड वाटतो, कारण मग मान दुखते, पाय अशक्त होतात, भीती वाढते आणि तोल आणखी जातो.

घरी कोणते व्यायाम करता येतील?

आधी एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, मग हे दोन बहुतेकांना चालतात.

पहिला नजरेचा. कॅलेंडरवरचा एखादा ठळक आकडा डोळ्यांच्या उंचीवर हातभर अंतरावर लावा. खुर्चीत बसा. नजर आकड्यावर रोखून डोकं ‘नाही नाही’ म्हटल्यासारखं डावी-उजवीकडे हलवा. आकडा स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. पुसट झाला की वेग कमी. अर्ध्या मिनिटापासून सुरू करा, मिनिटापर्यंत न्या, मग ‘हो हो’ची हालचाल. दिवसातून तीन-चार वेळा.

दुसरा तोलाचा. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्ची. पाय जुळवून उभं राहा, जमलं की क्षणभर डोळे मिटा. तेही जमलं की पायाखाली घडी घातलेली गोधडी. गोधडीवर डोळे मिटून उभं राहणं ऐकायला पोरखेळ वाटतं; करून बघा. सुरुवातीला घरचं कोणीतरी शेजारी हवं.

व्यायामाने थोडी चक्कर येणार, आली पाहिजे. पण ती पंधरा-वीस मिनिटांत निवली पाहिजे. तासभर टिकली तर डोस जास्त झाला, दुसऱ्या दिवशी निम्मा करा. नजर आणि तोलाच्या अशा व्यायामांचा एमएसमध्ये उपयोग होतो, हे अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आहे. फरक दिसायला काही आठवडे जातात. चार दिवस करून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा पाजून परत गोधडीवर उभं करते.

घरात पडू नये म्हणून काय बदलायचं?

सुरुवात न्हाणीघरापासून. डोक्यावरून अंघोळ करताना डोळे मिटलेले, मान खाली, फरशी साबणाने निसरडी: तोल सांभाळणाऱ्या तीन आधारांपैकी दोन तुम्ही स्वतःच काढून घेता. प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसून अंघोळ करा, पण त्याच्या पायांना रबर हवं. तांब्या वाकून उचलावा लागू नये म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा. भिंतीत धरायला दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. ती स्क्रूसकट हातात येते.

कपडे वाळत घालायच्या दांड्या छताला आणि आपण काठीने मान मागे टाकून कपडे चढवतो. बीपीपीव्ही असेल तर याहून वाईट व्यायाम नाही. खाली घ्यायचा दोरीचा स्टँड किंवा घडीचा स्टँड आणा. रोजचे डबे माळ्यावरून खांद्याच्या उंचीवर.

रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर छोटा दिवा. अंधारात डोळ्यांचा आधार जातो, म्हणून संध्याकाळी वीज गेली की एमएसवाले सर्वांत आधी अडखळतात. उशाशी टॉर्च असू द्या. उठताना आधी कुशीवर, मग बसा, पाय खाली सोडून थोडं थांबा, मग उभे राहा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेलं पादत्राण.

तुळशीबागेत गेलं की गरगरतं. हे मनाचं आहे का?

नाही. आतल्या कानाचे निरोप भरवशाचे राहिले नाहीत की मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो. मग दोन्ही बाजूंना टांगलेल्या ओढण्या, लखलखणाऱ्या बांगड्या आणि चहूबाजूंनी सरकणारी माणसं दिसली की त्याला वाटतं आपणच हलतोय. मॉलमधल्या ट्रॉल्यांच्या रांगा, मोबाइलवर भराभर सरकवलेले व्हिडिओ, गणपतीच्या मिरवणुकीतले फिरते दिवे, सगळ्यांनी हेच होतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकानं उघडतानाच जा. नजर जवळच्या वस्तूंवर न फिरवता लांबच्या एका स्थिर ठिकाणी लावा. हातात काठी असेल तर गर्दी आपोआप वाट देते. काठी घ्यायला लाजणाऱ्यांना मी हा फायदा आवर्जून सांगते.

मेट्रोचे भूमिगत थांबे खोल आहेत, सिव्हिल कोर्टचा तर फारच. सरकत्या जिन्याच्या रेघा पायाखाली पळताना तोल जातो. लिफ्ट वापरा.

दुचाकी चालवू का?

चक्कर चालू असताना, एकाचे दोन दिसत असताना, झोप आणणारी गोळी घेतली असताना नाही. कधी सुरू करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पुण्यात दुचाकी सुटणं म्हणजे पाय तुटल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. तरीही नाही. मागे बसतानासुद्धा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा.

योगासनं?

जरूर, पण भिंतीजवळ. शीर्षासन, सर्वांगासन आणि झपाट्याने केलेले सूर्यनमस्कार बाजूला ठेवा. डोकं वर-खाली होणारं सगळं सावकाश. खुर्ची, पट्टे, ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं करायची अय्यंगार पद्धत याच शहरात वाढली आहे, त्यामुळे तसं शिकवणारे सापडतात. एमएस आहे हे पहिल्या दिवशीच सांगा. बंद, तापलेल्या खोलीतला वर्ग नको.

मानेमुळे चक्कर येते म्हणून कॉलर दिलाय. घालू का?

चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर झीज बहुतेकांत दिसतेच. तेवढ्यावरून चक्करेचं खापर मानेवर फोडू नये. कॉलरने मान जखडते आणि सवय होण्याची प्रक्रिया थांबते. कॉलर कशासाठी दिला हे विचारा. आणि सलूनमध्ये मालिश झाल्यावर कटकन मान मोडून घेणं कायमचं बंद: मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेली उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

पित्ताने होतं असं आई म्हणते.

मळमळ आणि उलटी होते म्हणून तसं वाटतं; उलटी इथे चकरेमुळे होते. मोरावळा, आल्याचा तुकडा खुशाल घ्या, मळमळीला आल्याने थोडं बरं वाटतं. उपवास मात्र पाण्याशिवायचा नको. रक्तात हिमोग्लोबिन, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ बऱ्याचदा कमी निघतं आणि पायांच्या संवेदना त्यानेही जातात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्यावर बीपीपीव्ही उलटण्याचं प्रमाण घटतं. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

घरच्यांनी काय करावं?

दंड धरून ओढू नका. आपला हात पुढे करा, त्यांना धरू द्या. मागून हाक मारू नका. माणूस गर्रकन वळतो आणि तिथेच पडतो. चक्कर आली तर बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, घड्याळात वेळ बघा आणि जमलं तर मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढा. क्लिनिकमध्ये येईपर्यंत चक्कर गेलेली असते, तो व्हिडिओ सोन्यासारखा उपयोगी पडतो. कांदा हुंगवून काही होत नाही.

रस्त्यात झोकांड्या जाताना पाहून ‘दिवसाढवळ्या पिऊन आलाय’ असं ऐकू आलं, तर उत्तर देण्याची जबाबदारी सोबतच्याने घ्यावी. पेशंट तेव्हा तोल सांभाळण्यात गुंतलेला असतो.

अशाच अनुभवातून गेलेल्यांशी बोलायचं असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, तिची पुण्यातही शाखा आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय. एमआरआयचे रिपोर्ट, न्यूरॉलॉजिस्टची पत्रं आणि आतापर्यंतच्या रिलॅप्सच्या तारखा क्रमाने लावून न्या. डॉक्टरांपुढे जायचं म्हणून नीट, ताठ चालून दाखवायची आपल्याला खोड असते. एरवी वापरत असाल ती काठी त्या दिवशी घरी ठेवून जाऊ नका.